गडचिरोलीत नव्याने रुजू होणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रिय मित्रांनो,

तुमच्यापैकी कुणी नायब तहसीलदार, कुणी पोलीस उपनिरीक्षक, कुणी वनरक्षक, ग्रामसेवक, वैद्यकीय अधिकारी किंवा जिल्हा परिषदेचे शिक्षक म्हणून गडचिरोलीत येत आहात. ऑर्डर हातात पडली तेव्हा घरात काय बोलणं झालं असेल, याचा मला अंदाज आहे. तीन वर्षं कशीतरी काढ, एकस्तरचा (एक पायरी वरच्या पदाचा) पगार मिळतो, मग ओळख लावून घराजवळ बदली करून घे. घरचे काळजीपोटीच बोलतात. पण तुम्ही ज्या वेळी इथे येताय तशी वेळ या जिल्ह्याने गेल्या पंचेचाळीस वर्षांत पाहिलेली नाही, म्हणून हे पत्र. मी आरमोरीकडचा. नोकरीची बहुतेक वर्षं एटापल्ली आणि भामरागड तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत काढली. आता निवृत्त आहे.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा, म्हणजे सर्वोच्च समितीचा सदस्य भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. त्याची पत्नी तारक्का त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी शरण आली होती. ती आपल्या अहेरी तालुक्यातली. जवळपास चार दशकं जंगलात राहिली. देश नक्षलमुक्त करण्यासाठी केंद्राने ३१ मार्च २०२६ ही तारीख ठरवली. हे सगळं पाहून मला किती बरं वाटलं, ते शब्दांत सांगणं अवघड आहे. या जिल्ह्यात माओवाद्यांनी पाचशेहून अधिक सामान्य माणसं मारली. त्यांतले बहुतेक आदिवासी, बहुतेकांवर 'पोलिसांचा खबऱ्या' हा एकच आरोप. दोनशेहून अधिक पोलीस गेले. ती बंदूक गप्प होत असेल तर त्याचा आनंद मानायलाच हवा, आणि ज्यांनी ती गप्प केली त्यांचे उपकारही मानायला हवेत.

मात्र शरणागतीने जुनं दलम, म्हणजे माओवाद्यांची सशस्त्र तुकडी, संपतं. नवं उभं राहू नये यासाठी जे करावं लागतं, त्यातलं फार थोडं पोलीस अधीक्षकांच्या हातात असतं. बरंचसं तुमच्या हातात असतं. तालुक्याच्या कचेरीत, जंगलखात्याच्या बीटवर, पोलिसांच्या नाक्यावर, दवाखान्यात, वर्गात. तुम्हाला हे काम कुणी लिहून देणार नाही, म्हणून मी सांगतोय.

मुळात दलम इथे शिरलं कसं, ते आधी समजून घ्या. १९८० साली आंध्रात पीपल्स वॉर ग्रुप हा नक्षलवादी गट स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्यांच्या छोट्या तुकड्या प्राणहिता ओलांडून सिरोंचा-अहेरीच्या जंगलात आल्या. गडचिरोली तेव्हा जिल्हाही नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झाला. आलेली माणसं तेलुगू बोलणारी, शिकलेली, परकी. इथल्या माडिया आदिवासी माणसाला मार्क्स ठाऊक नव्हता, माओ ठाऊक नव्हता. त्याला जंगलखात्याचा गार्ड ठाऊक होता. घराला लागणारा बांबू आणला म्हणून दंड करणारा, कोंबडी उचलून नेणारा, फुकट राबवून घेणारा. बिडीसाठीच्या तेंदूपानांच्या पुड्याला काही पैसे देणारा कंत्राटदारही ठाऊक होता. दलमने पहिल्यांदा या दोघांना धमकावलं. तेंदूचा भाव वाढला, बांबूतोडीची मजुरी वाढली, गार्ड गावात जपून वागू लागला. लोकांनी त्यांना भात घातला, तो त्या भावासाठी. क्रांतीचं व्याख्यान ऐकून इथल्या कुणी सहसा बंदूक उचलली नाही.

पुढे त्याच दलमने त्याच तेंदू कंत्राटदारांकडून खंडणी घेतली, रस्त्याचं काम करणारी यंत्रं जाळली, शाळांवर काळे झेंडे लावले, आणि गावच्या पाटलाला लोकांसमोर 'जनअदालत' भरवून ठार केलं. लोकांना हेही दिसत होतं. पण तोवर गावाच्या मधोमध बंदूक येऊन बसली होती, आणि बंदुकीपुढे नापसंती बोलून दाखवता येत नाही.

आता मुलांविषयी. माझं आयुष्य मुलांत गेलं, त्यामुळे इथे जरा थांबून लिहितो.

बाहेरच्या माणसाला वाटतं की पोरगं दलममध्ये जातं ते डोक्यात विचार भरवल्यामुळे. विचार भरवले जातात हे खरं, पण ते नंतर. आधी गाणं येतं. रात्री गावात सभा लागते. माओवाद्यांच्या चेतना नाट्य मंचाची पोरं-पोरी ढोल घेऊन माडियात, गोंडीत गाणी म्हणतात, नाचतात. गाण्यात या गावचा नाला असतो, या गावचा डोंगर असतो, गेल्या महिन्यात या गावच्या माणसाला कुणी मारलं ते असतं. चौदा वर्षांच्या मुलासाठी ती आयुष्यातली पहिली अशी जागा असते जिथे परके लोक त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलतात. शाळेत आम्ही त्याच्याशी मराठीत बोलत होतो. पहिलीचं माडिया मूल वर्गात महिनोन्‌महिने गप्प बसतं, आणि बाहेरून आलेल्या गुरुजींना ते मंद वाटतं. चौथीपर्यंत ते कसंबसं टिकतं. पुढे आश्रमशाळा, घरापासून लांब. तिथून पळून आलं की परत जात नाही. मग ते गुरं राखतं, मोहफुलं वेचतं, आणि रात्रीच्या सभेत पुढच्या रांगेत बसतं.

दलमच्या बालसंघटनात त्याला काम मिळतं. निरोप पोचवायचा, पहारा द्यायचा, पोलीस कुठल्या वाटेने गेले ते सांगायचं. कुणीतरी आपल्यावर विश्वास टाकला, याची त्या वयात फार नशा असते. काही गावांत तर दलम घरटी एक मूल मागायचं, तिथे मर्जीचा प्रश्नच नव्हता. मुलींची कारणं आणखी वेगळी. कुणाचं मनाविरुद्ध लग्न ठरलेलं, कुणाला सावत्र आईचा जाच, कुणाला गणवेश आणि बंदूक घातलेली बाई पहिल्यांदाच पुरुषाला हुकूम देताना दिसलेली. आणि पुष्कळांचं कारण फार साधं: बाप नाक्यावर किंवा बीटवर मार खाऊन घरी आला, आणि पोराने ते पाहिलं.

आत गेल्यावर काय असतं, ते परत आलेल्यांनी सांगितलंय. हिवतापात चालत राहायचं. एका जागी दोन रात्री झोपायचं नाही. घरी निरोप नाही. लग्न करायचं तर पुरुषाची आधी नसबंदी, म्हणजे मूल होण्याचा प्रश्नच मिटला. वर बसलेले नेते तेलुगू बोलणारे, चकमकीत पुढे माडिया पोरं. संशय आला की आपल्याच माणसाला गोळी. समोरच्या बाजूला उभा असलेला, पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकाचा जवानही याच मातीतला, कारण १९९० मध्ये ते पथक उभारलं गेलं तेच स्थानिक तरुणांतून. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. त्यांतली कितीतरी आपल्याच जिल्ह्यातल्या घरांतली पोरं. या लढाईत दोन्हीकडून आमचीच मुलं मेली, आणि हे मी कधीही विसरू शकणार नाही.

म्हणून माझी पहिली विनंती शिक्षकांना. माडिया शिका. दोन महिन्यांत व्याकरण येणार नाही, पण 'जेवलास का', 'पोट दुखतं का', 'घरी कोण कोण आहे' एवढं तर येईल. पहिली-दुसरीच्या वर्गात गावातली एखादी शिकलेली मुलगी सोबत बसवा. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. शिक्षण विभागाने तिला परवानगी नाही म्हणून नोटीस धाडली. कायद्याच्या कलमात ते बसत असेलही. पण ज्या गावाने पदरचे पैसे घालून, सनदशीर मार्गाने, आपल्या मुलांसाठी शाळा काढली त्या गावाला सरकारने पहिला कागद नोटिशीचा पाठवावा, यासारखी दुःखाची गोष्ट नाही. मातृभाषेतून शिकवण्याच्या गोष्टी आपण प्रत्येक धोरणात लिहितो. इथे एका गावाने ते करून दाखवलं होतं.

दुसरी विनंती महसूलवाल्यांना. तुमच्याकडे अठरा वर्षांची मुलगी जातीचा दाखला मागायला येईल. तिला १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागितला जाईल. तिच्या आजोबांच्या काळात त्या गावात तलाठी आला नव्हता, शाळा नव्हती, जन्माची नोंद नव्हती. कागदावर आडनाव एका ठिकाणी 'पुंगाटी', दुसरीकडे 'पुंगाटे', तिसरीकडे नुसतं गावाचं नाव. ती माडिया आहे हे तिच्याकडे बघून, तिचं बोलणं ऐकून गावातलं शेंबडं पोरही सांगेल. केंद्राने माडिया गोंडांना विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत धरलंय. तरी ती चार वेळा भामरागडहून हेलपाटे घालते, दर वेळी एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं घालवते, आणि पाचव्या वेळी येत नाही. नर्सिंगचा प्रवेश गेला, पोलीस भरती गेली. तुमच्या लेखी एक अर्ज 'त्रुटीपूर्ततेअभावी निकाली' निघाला. तिच्या घरात मात्र एक गोष्ट पक्की झाली, की सरकारच्या दारात आपलं काम होत नाही. दलमच्या पुढाऱ्याला हेच सिद्ध करायचं असतं, आणि तुम्ही ते त्याच्यासाठी फुकटात सिद्ध करून देता. कायद्यात गृहचौकशीची सोय आहे, ग्रामसभेच्या ठरावाला वजन देता येतं, गावात शिबिर लावता येतं. पोलिसांनी 'दादालोरा खिडकी' सुरू करून हेच दाखले हजारो लोकांना मिळवून दिले. ते काम चांगलंच झालं. पण दाखल्यासाठी माणसाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली, याचं महसूल खात्याला वाईट वाटायला हवं.

वनहक्काचे दावेही असेच. २००६ चा कायदा स्वतःच म्हणतो की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. तरीही उपविभागीय समितीकडून दावा परत येतो आणि शेऱ्यात एकच ओळ असते, 'पुरावे अपुरे'. कुठले पुरावे, कुठे कमी, अपील कुठे करायचं, काही नाही. वनहक्क नाकारायचाच असेल तर कारण लिहून, माणसाला समोर बसवून, त्याला कळेल अशा भाषेत सांगून नाकारा. नकारही माणसासारखा दिला तर माणूस तो पचवतो.

याच जिल्ह्याने दुसरी बाजूही पाहिलीय, आणि ती तुम्ही आवर्जून जाऊन पाहावी असं मला वाटतं. २००९ हे आमचं सर्वांत काळं वर्ष. १ फेब्रुवारीला धानोरा तालुक्यात मरकेगावला पंधरा पोलीस मारले गेले. २१ मे रोजी हत्तीगोट्याला सोळा, त्यांत पाच महिला शिपाई. ८ ऑक्टोबरला, विधानसभेचं मतदान तोंडावर आलेलं असताना, लाहेरीजवळ सतरा. लागोपाठ अंत्ययात्रा निघत होत्या. आणि त्याच वर्षी, त्याच धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. शेजारच्या मर्द्यालाही मिळाला. देशातली ही पहिली दोन गावं.

मेंढ्याने हे एका रात्रीत मिळवलं नाही. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास गट चालवले, प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने घेतला, सरकारी कागद गावात बसून वाचले, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. ती ऐकून त्या काळी काही साहेबांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. हक्क मिळाल्यावरही बांबू विकायला वनखातं वाहतूक परवाना देईना, तेव्हाही गावाने दगड उचलला नाही. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं. त्यानंतर बांबूच्या विक्रीतून ग्रामसभेचं उत्पन्न कोटीच्या घरात गेलं. आज जिल्ह्यात कितीतरी ग्रामसभा आपला तेंदू, आपला बांबू स्वतः लिलाव करून विकतात. तेंदूच्या भावावर दलम उभं राहिलं होतं. भाव ठरवायचा अधिकारच गावाकडे आल्यावर दलमने गावाला काय द्यायचं?

हिंसेच्या वाटेवर जाणाऱ्याला अडवायचं कसं, यावर जगभर अभ्यास होतात, कार्यक्रम आखले जातात, समुपदेशक नेमले जातात. त्या सगळ्याला माझा विरोध नाही. पण मला विचाराल तर या जिल्ह्यात त्या कामासाठी झालेली सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे ग्रामसभेच्या हातात दिलेलं ते परवान्याचं पुस्तक. शांतपणे मागितलं, भांडून मागितलं, पण बंदुकीविना मागितलं, आणि मिळालं. ज्या पोराने हे डोळ्यांनी पाहिलं त्याला जंगलात न्यायला आलेल्या माणसाचं काम फार अवघड होतं.

उलटही तितकंच खरं आहे, आणि इथे मला थोडं कडक लिहावं लागेल. मार्च २०२३ पासून एटापल्ली तालुक्यात तोडगट्ट्याला अनेक ग्रामसभांनी प्रस्तावित खाणींविरोधात ठिय्या मांडला होता. आठ महिने लोक तिथे बसले. झोपड्या टाकल्या, पाळीपाळीने धान्य आणलं, ढोल वाजवले, घोषणा दिल्या. त्या वर्षी सुरजागडच्या लोहखनिजाचं उत्खनन वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर न्यायला मंजुरी मिळाली होती, त्यामुळे भीती हवेतली नव्हती. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी ते आंदोलन उठवलं, लोकांना ताब्यात घेतलं. या आंदोलनामागे माओवाद्यांची फूस आहे, असं पोलिसांचं म्हणणं होतं. असेलही काही ठिकाणी. जिथे बंदूकवाला वावरतो तिथे तो प्रत्येक गोष्टीत नाक खुपसतो. पण आठ महिन्यांत जबाबदार अधिकाऱ्याने तिथे जमिनीवर बसून लोकांशी सविस्तर बोलायला हवं होतं, तसं बोलणं झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. खाण हवी की नको यावर तुमचं-माझं मत काहीही असो. कोनसरीच्या पोलाद कारखान्यात इथल्या पोरांना काम मिळतंय, शरण आलेल्या काहींनाही मिळालंय, ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न असा आहे, की ज्याने कायदा पाळून, पेसाचा, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा हवाला देऊन, ग्रामसभेचा ठराव करून विरोध केला त्याला आपण 'नक्षलसमर्थक' म्हणून मोकळे झालो, तर त्याच्या मुलाला आपण कुठला रस्ता शिल्लक ठेवला?

तो शब्द फार जपून वापरा, पोलीस मित्रांनो. जुलै २०२५ मध्ये नक्षलवादाला आळा घालण्यासाठी आणलेलं विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, तेव्हापासून मला याची काळजी जास्तच वाटते. कायदा मुंबईत लिहिला जातो, पण गावात त्याचा अर्थ एखादा तेवीस-चोवीस वर्षांचा उपनिरीक्षक लावत असतो. ज्याच्या घरी दलमने जबरदस्तीने जेवण केलं तो दलमचा समर्थक नसतो. रात्री बारा वाजता बंदूक घेतलेली आठ माणसं दारात उभी राहिली तर तुम्ही काय केलं असतं? आणि दिवसा पोलिसांची गाडी ज्याच्या अंगणात पाण्यासाठी थांबली, त्याला त्याच आठवड्यात खबऱ्या ठरवून मारल्याची उदाहरणं या जिल्ह्यातल्या अनेक तालुक्यांत आहेत. तुमचं साधं थांबणंही कुणाच्या जिवावर बेतू शकतं, एवढं भान ठेवून वागा.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये काय झालं, ते आपल्याला नदीच्या या काठावरून दिसत होतं. २००५ मध्ये इंद्रावतीपलीकडच्या बिजापूर भागात सलवा जुडूम ही माओवाद्यांविरुद्धची सरकारी पाठबळाची मोहीम सुरू झाली. गावकऱ्यांच्याच हातात शस्त्रं दिली गेली, शेकडो गावं रिकामी झाली, घरं जळाली. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवून थांबवली, पण मधल्या सहा वर्षांत घर जळालेली किती पोरं जंगलात गेली असतील, याची मोजदाद कुणी करायची? तिथलंच बुर्कापालचं प्रकरण घ्या. एप्रिल २०१७ मध्ये पंचवीस सीआरपीएफ जवान मारले गेले. गुन्हा भयंकरच होता. त्यात आसपासच्या गावांतले आदिवासी धरून तुरुंगात टाकले. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने १२१ जणांना निर्दोष सोडलं. पाच वर्षं. कुणाचं बाळ त्या काळात शाळेत जाऊ लागलं, कुणाची आई वारली. त्या खटल्यातून खरे मारेकरी काही हाती लागले नाहीत, शिवाय १२१ घरं आपण दुखावून ठेवली.

आपल्याकडेही विशीतला पोरगा संशयावरून आत जातो. चौकशी मराठीत, आरोपपत्र मराठीत, त्याला कळतं माडिया. नागपूर-चंद्रपूरचा तुरुंग घरच्यांना वर्षातून एकदाही भेटायला परवडत नाही. खटला उभा राहीपर्यंत तो ज्यांच्यात राहतो, ते त्याला जे शिकवायचं ते शिकवतात. म्हणून अटकेच्या पंचनाम्यावर सही करण्याआधी दहा वेळा विचार करा, आणि दुभाषा खरोखर बोलवा. गावातल्याच दुसऱ्या शिपायाला उभं करून दुभाषा म्हणून त्याची सही घेऊ नका.

वैद्यकीय अधिकाऱ्यांना मी फार सांगणार नाही, कारण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटला की तुम्हाला आपोआप सगळं कळेल. खाटेवरून आणलेल्या बाळंतिणीला ज्याने रात्री उठून तपासलं, त्या डॉक्टरचं नाव गाव दोन पिढ्या घेतं. १९७३ पासून हेमलकशाला आमट्यांचं जे काम उभं राहिलं त्याची सुरुवात झाडाखालच्या तपासणीनेच झाली होती. फक्त एवढंच, की ड्युटीच्या दिवशी आलापल्लीला राहू नका.

शेवटी परत आलेल्यांविषयी. २००५ मध्ये राज्याने आत्मसमर्पणाचं धोरण आणलं, तेव्हापासून सातशेहून अधिक जण शरण आले आहेत. त्यांना बक्षिसाची रक्कम मिळते, काहींना घर, काहींना काम. गडचिरोलीला नवजीवन वसाहत झाली. नसबंदी झालेल्यांच्या शस्त्रक्रिया उलटवून देण्याचं कामही झालं, आणि ज्यांच्या घरी त्यानंतर मूल आलं त्यांच्याइतका हिंसेचा विरोधक तुम्हाला शोधून सापडणार नाही. पण समारंभाचा फोटो छापून आल्यावर पुढची पंचवीस वर्षं उरतात. गावी परत जाता येत नाही, कारण तिथे त्याने ज्याला मारलं त्याचा भाऊ राहतो. बँकेत खातं उघडायचं तर आधार कार्डावर वयाचा घोळ. शेजारी संशयाने बघतात. मुलगी शाळेत जाते तर कुणीतरी तिला बापाचं जुनं नाव घेऊन चिडवतं. त्यांना सारखं सारखं सभांना नेऊन, माईक हातात देऊन 'तुमची चूक सांगा' म्हणू नका. ज्यांना बोलायचंय ते बोलतील. बाकीच्यांना माणसासारखं जगू द्या, रेशन वेळेवर द्या, पोरांच्या वसतिगृहाचं बघा.

आणि ज्यांची माणसं माओवाद्यांनी मारली, त्या पाचशेहून अधिक घरांकडे आधी जा. शरण येणाऱ्याला मदत मिळताना त्या घरातली बाई बघत असते. तिची अनुकंपेची फाईल, तिच्या जमिनीचा फेरफार, तिच्या मुलाची फी अजून लोंबकळत असेल, तर ते पाहून तिच्या मनात काय येत असेल याचा विचार करा. तिचं काम आधी झालं पाहिजे. न्याय दोन्हीकडे दिसला नाही तर त्या घरातलंच पुढचं पोर सूड मनात धरून मोठं होईल, मग त्याला झेंडा कुठलाही चालेल.

आता प्रत्यक्ष कामाचं. जानेवारी २०२५ मध्ये गर्देवाड्याच्या बाजूला स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी धावली, रस्ते होतायत, टॉवर उभे राहतायत. म्हणजे मी नोकरीला होतो त्यापेक्षा तुमचं जाणं-येणं खूप सोपं आहे. रुजू झाल्या झाल्या तुमच्या हद्दीतल्या सर्वांत लांबच्या पाच गावांची यादी करा, आणि मृग लागायच्या आत प्रत्येक गावात एक रात्र मुक्काम करा. गाड्यांचा ताफा नको, एक स्थानिक सोबती पुरे. गोटुलात, म्हणजे गावाच्या सामूहिक बैठकीच्या जागी बसा, जे देतील ते खा, आणि त्या गावाचे तुमच्या कार्यालयात अडकलेले अर्ज सोबत घेऊन जा. पाऊस लागला की ती गावं ऑक्टोबरपर्यंत तुटतात, आणि तोवर तुम्हाला नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर ऐकलेलं गडचिरोलीच खरं वाटायला लागलेलं असतं. बदली होऊन जाताना तुमच्या जागी येणाऱ्याच्या हातात त्या पाच गावांतल्या न झालेल्या कामांची यादी द्या, माणसांच्या नावांसकट. आजवर ती कुणी देत नाही, दर तीन वर्षांनी आमची गावं नव्या साहेबाला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतात.

आपला,
जिल्हा परिषदेचा एक निवृत्त शिक्षक
आरमोरी, जि. गडचिरोली